ध्वनिव्यवस्था

मी मुबारक आतार. न्यू ताज साउंड, मंचर.
बोलतात दुसरे. ऐकू जातंय ना, एवढंच मी बघतो.

मंडईमागच्या पटांगणात व्याख्यानमालेचा तिसरा दिवस.
दुपारपर्यंत इथं बाजार होता,
सतरंजीखाली अजून कोथिंबिरीचे देठ,
पहिल्या रांगेतल्या सोफ्याजवळ एक चेचलेला टोमॅटो,
त्यावर डॉक्टरांचा बूट.
सहाची वेळ म्हणजे सात.
भोंगा नको, बॉक्स लाव, सेक्रेटरी म्हणतात,
भोंग्यानं सभा वाटते, व्याख्यान वाटत नाही.
मागच्या वर्षीचं बिल त्यांच्याच खिशात आहे,
तेव्हा मी बॉक्स लावतो.

पाहुणे पुण्याहून आले, चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या देत.
नारळ, शाल, पुस्तक,
फोटो हलला म्हणून पुन्हा एकदा शाल.
विषय: आनंदी जगण्याची सात सूत्रं.
बोलले छान, खोटं कशाला सांगू.
तिसऱ्या सूत्राला हशा,
पाचव्याला बायकांचे पदर डोळ्यांकडं,
सहाव्याला हिंगे सर घोरायला लागले.
मी ट्रेबल जरा कमी केला,
त्यांच्या ‘स’ची शिट्टी वाजत होती.

मग प्रश्नोत्तरं. विषयाला धरून विचारा, सेक्रेटरी म्हणाले.
रेवजी बाणखेले उठले:
आनंदाचं राहू द्या, आठची मुक्कामी एसटी का बंद केली?
विषयाला धरून, सेक्रेटरी म्हणाले.
एका निवृत्त मास्तरांनी प्रश्न म्हणून स्वतःचीच चारोळी म्हटली.
ती विषयाला धरून होती.

मग माईक मालन टेमगिरेच्या हातात गेला.
एका बाजूला पाटी, तिच्यात उरलेल्या सहा जुड्या.
‘सात ऐकली. आता माझं एक.
पहाटे पाचला घर सोडते, दिवेलागणीला पोचते.
दहाची पावती तुम्ही रोज फाडता.
दिवसभर मी पाणी पीत नाही.
तहान लागत नाही असं नाही,
प्यायल्यावर जायचं कुठं?
मुतारी बांधली. फरशी बसवली. कुलूप लावलं.
उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळेना, म्हणतात.
तारीख त्यांची, आणि कळ आम्ही...’

सेक्रेटरींनी माझ्याकडं न बघता
दोन बोटं खाली केली.
अठरा वर्षं ही खूण मला कळते,
लग्नात, प्रचारात, दहाव्याच्या प्रवचनात.
मी बटण फिरवलं. चारवर. दोनवर.
तिचे ओठ हलत राहिले.
पुढच्या सोफ्यांना वाटलं, झालं,
त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं माईककडं बघितलं. मग माझ्याकडं.
मग माईक पाटीत ठेवला, जुड्यांवर, आडवा.
भाजी विकणाऱ्या बाईला माईक कशाला लागतो?
‘दहाला जुडी’ ज्या आवाजात
रोज एसटी स्टँडच्या पार जातं,
त्याच आवाजात ती म्हणाली:
किल्ली कुणाकडं आहे?

खुर्च्या वाजल्या. हिंगे सर जागे झाले.
मागून कुणीतरी म्हणालं, हां, कुणाकडं?
मग पलीकडून एक पोरगी.
मग वडेवाल्याच्या गाडीवरून.
पाहुण्यांनी पाण्याच्या बाटलीचं बूच उघडलं होतं,
ते त्यांनी परत लावलं.

आभार झाले. सतरंज्यांचे, चहाचे, पाहुण्यांचे,
आणि यंदा पहिल्यांदाच नाव घेऊन,
ध्वनिव्यवस्थेबद्दल न्यू ताज साउंडचे.
मी मान खाली घालून
कोपरावर वायर गुंडाळत होतो.

ती पाटी उचलायला आली, माईक मला दिला.
त्याला मेथीचा वास येत होता.
‘वायर ढिली होती का रे?’
हो मावशी.
‘बघून घे. उद्या पण मी यायचीय.’

उद्या ‘आपले गडकोट’ आहे. स्लाइड शो.
टेम्पोत बॉक्सच्या वर
मी घरातला जुना भोंगा आणून ठेवलाय.
लावायचा का, अजून ठरलं नाही.
बिल बाकी आहे.