साखरेचा गाळा, तुर्भे

सोळावा दिवस.
एस-तीस, पन्नास किलोची गोणी,
मी मोजते, लिहिते, पावती फाडते.
साखर बंद आहे माझी. मैदाही.
पुडीतलं, बरणीतलं, चकचकीत वेष्टनातलं सगळंच.
रिपोर्टात एका आकड्याखाली लाल रेघ होती,
आणि लाल रेघ मला वाचता येते.

वेलजीशेठ हसतात, "मासा म्हणे पाणी नको!"

डब्यात नाचणीची भाकरी, मुळ्याचा पाला,
उकडलेला भोपळा, मोजून बारा शेंगदाणे.
पहिल्या आठवड्यात डोकं असं ठणकायचं
की सातशेच्या जागी सात हजार गोण्या लिहिल्या,
ट्रक दिवे लागेपर्यंत फाटकात उभा.

नवव्या दिवशी अर्धं बिस्कीट.
कुणी पाहिलं नाही,
तरी वहीच्या मागच्या पानावर नोंद केली:
घट, अर्धं.

हणमंता माथाडी ओझं उतरवतो,
भुवयांवर पांढरी पिठी,
रोज विचारतो, "टिकलं का, बाई?"
पोराच्या तापाची चौकशी करावी तसं.

काल कोपरखैरण्याच्या नाक्यावर
गाजर घेतलं, नळावर धुतलं,
उभ्याउभ्याच चावलं.
गोड.
पुन्हा चावलं, खात्री करायला.
तेवीस वर्षं बसलेय या ढिगाऱ्यापाशी,
आणि गाजर
असं लागतं होय!

आज ओठांवरून जीभ फिरवली
तर हवेतला एक कण लागला.
थुंकले नाही.
हणमंताला म्हटलं, टिकलं.
कण वहीत धरला नाही.