नव्वद दिवस

सकाळी नऊ चाळीसला मशीननं माझा अंगठा नाकारला.
पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल दिवा.
रात्री दीडपर्यंत जवळा निवडला, भाजला,
तीन किलो लसूण सोलला,
त्यात बोटांवरच्या रेघा झिजल्या असाव्यात.
रजिस्टरमध्ये सही करा, म्हणाला गेटवरचा गजभिये,
आणि हळूच, मॅडम, दोन बाटल्या मिळतील का?
मेव्हणा येतोय.

अकरा वर्षं मरोळच्या या चौथ्या मजल्यावर
मी लोकांचे क्लेम तपासते.
मोतीबिंदू, हर्निया, गुडघा.
प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला नाही.
आजार पॉलिसीच्या आधीचा आहे.
खेदाने कळवते. दिवसातून तीसदा खेद.
माणसावर काय काय कोसळतं
आणि त्यातलं किती कशातच बसत नाही
हे मला पाठ आहे.

म्हणूनच डायरीच्या मागच्या पानावर
मांडते, खोडते.
पगार हातात एकेचाळीस हजार दोनशे.
चटणीचे, खर्च वजा जाता, गेल्या महिन्यात तेवीस.
श्रावणात दोन बाटल्या. त्याही एकाच घरात,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
श्रावण धरायचा की वगळायचा?
चारकोपच्या घराचा हप्ता एकोणीस.
निनादचं कंत्राट मार्चपर्यंत,
पुढचं देव जाणे नि ठेकेदार.
सासूबाईंची शुगर माझ्या मेडिक्लेमवर.
शेवटचा रकाना आखलाय, भरलेला नाही.
झाकण नीट बसलं की बाटली टक् करते
तो आवाज कुठे लिहितात?

जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागलीय,
'सदस्यांनी उग्र वासाचे उद्योग घरात करू नयेत.'
खाली खांबेट्यांची सही, सोसायटीचा शिक्का.
त्याच संध्याकाळी खांबेटेबाईंचा डबा आला,
रिकामा, धुतलेला,
मागच्या जिन्यानं.

सासूबाईंनी चाळीस वर्षं वेसाव्याच्या बाजारात
सुकी मासळी विकली.
फंड नाही, रजा नाही, पाठीचा मणका सरकलेला.
त्यांना विचारलं, काय करू?
पायाला तेल चोळता चोळता म्हणाल्या,
"मना कोनी पगार नाय दिला,
त मना कोनी काढून पन नाय टाकला."
मला वाटलं, उत्तर मिळालं.
मग म्हणाल्या, "पन तुजी शुगरची गोली बंद नको करू हां माजी."

ऋत्वीच्या शाळेचा फॉर्म सहीसाठी टेबलावर होता.
तिनंच भरलेला, हिरव्या शाईनं.
वडिलांचा व्यवसाय: क्रेन.
आईचा व्यवसाय: चटणी.
आणि जागा उरली म्हणून बारीक अक्षरात:
नोकरीपण करते.
मी खोडायला पेन उचललं,
नुसतं धरून बसले.
कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली.
सही केली.

एचआरच्या मुलीला जेवणाच्या सुट्टीत विचारलं होतं,
सहज, एका मैत्रिणीसाठी म्हणून.
नोटीस नव्वद दिवसांची, म्हणाली,
आणि माझ्या डब्याकडे बघत,
तुमची मैत्रीण फार छान करते हो हे.

आज रात्री साठ बाटल्या भरल्या.
लेबलं चिकटवताना हात आपोआप लिहीत जातो,
भरल्याची तारीख, वजन,
नव्वद दिवसांच्या आत वापरावी.
चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या बाटलीला
थांबले.
रोजचीच ओळ. रोज मीच लिहिते.

ती बाटली खोक्यात टाकली नाही.
गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली,
मिठाच्या बरणीशेजारी, तारीख समोर येईल अशी.
मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे, 'आदरणीय महोदय'च्या पुढे
स्वल्पविराम देऊन.

पाणी प्यायला आलेला निनाद विचारतो,
ही कुणाची ऑर्डर?
म्हटलं, पैसे आलेले नाहीत अजून.
राहू दे तिथेच.