वेढे

अजमानला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
नौफलच्या दुकानात माझं टेबल आहे,
शाळेतल्या बाकाएवढं.
त्यावर भिंग, कातरी, ड्रिल
आणि तारेची रिळं. अठ्ठावीस गेज, छत्तीस गेज.
छत्तीसची तार इतकी बारीक
की शिंक आली तर हरवते.

दोन जाड तारा शेजारी शेजारी ताणायच्या,
एक टोक ड्रिलच्या जबड्यात, एक भिंतीतल्या फिरकीला,
आणि त्यांच्या अंगावर बारीक तार चढवत न्यायची,
वेढ्याला वेढा खेटून.
घाई केली की तार तारेवर चढते
आणि हातभर काम कचऱ्यात.
त्या वेढ्यांमधल्या खाचांत रस थांबतो,
म्हणून चव लागते.
एवढंच गुपित. बाकी सगळं पाटीवर लिहिलंय.

शुक्रवारी रात्री हमदान येतो,
बाहेर गाडी चालूच, एसी चालूच.
त्याला ढग हवा असतो,
समोरची काच दिसता कामा नये असा.
त्याला मी दोन कॉइल देतो, जाड, रुंद पोटाच्या.
जोमार हॉटेलात कांदे सोलतो. त्याच्या खोलीत आठ जण.
तो म्हणतो, भाई, धूर नको, चव दे.
त्याला एकच, बारकी,
हवेच्या भोकाच्या अगदी तोंडाशी बसवलेली.
जोमारची बसवायला जास्त वेळ लागतो.
पैसे तेवढेच.

गिऱ्हाइकाशी मी हिंदीत बोलतो,
नौफलशी मोडक्या मल्याळममध्ये,
पोलीस आला तर अरबीत सलाम.
वेढे मात्र मराठीतच मोजले जातात.
एकोणतीसला जीभ अजून अडखळते.

बाबांचं कुडाळला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं.
पाणी ओढून जळालेले पंप यायचे,
वार्निशचा करपट वास दप्तरात शिरायचा.
ते तांब्याची तार गुंडाळत, आणि मध्ये कोणी हाक मारली
तर मान वर न करता म्हणत,
"मोजतंय मा, गप रव."
आकडा चुकला तर सगळं उसवून पहिल्यापासून.
मी आखातात काय करतो ते त्यांना फोनवर सांगितलं.
बराच वेळ गप्प होते. मग विचारलं,
"मोटार केवढी?"
म्हटलं, करंगळीच्या नखाएवढी.
"आणि ओढता काय?"
यावर मला उत्तर सुचलं नाही.

बटण दाबलं की कॉइल मधून लाल व्हावी,
मग कडेला पसरावी.
कडेला आधी पेटली तर कुठेतरी वेढा रुसलाय,
सिरॅमिकच्या चिमट्याने त्याला हलकं कुरवाळायचं.
मग कापूस. घट्ट भरला तर घसा जळतो,
सैल भरला तर रस खिशात उतरतो.
नेमका किती, हे कोणी शिकवत नाही,
बोटं शिकतात.

मलेशियाहून फणसाचा रस आलाय.
मी एक झुरका तोंडात घेतो, तोंडातच ठेवतो, सोडून देतो.
बरा आहे. कोणीतरी फणसाबद्दल
दुसऱ्याकडून ऐकून केल्यासारखा.
बोंडूचा रस अजून कोणी काढला नाही.
कोणी काढलाच तर मी सांगेन,
गोड पुरे, घशाला थोडी खवखव राहू द्या.

परवा विझा वाढवायचा म्हणून छातीचा फोटो होता.
थंडगार पाट्याला छाती टेकवली,
हनुवटी वर, खांदे पुढे.
आतला माणूस म्हणाला, श्वास घे. धर.
मी धरला.
हमदानचे ढग आठवले, काचेपल्याडची नाहीशी झालेली समुद्राची कड,
आणि ह्या काळ्या फिल्मवर
एकही ढग असता कामा नये हे.
एक, दोन, तीन,
मी मोजत होतो.
त्याने काहीतरी विचारलं, नाव की पासपोर्टचा नंबर,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
गप रव.