बोलावणं

पत्र आल्सीडच्या नावाचं होतं.
आल्सीडला बोलावणं येऊन तीन वर्षं झाली.
आता त्याच्या गाडीला आलं.

याआधीही दोन आली होती.
मी ती त्याच्या खणात टाकली, न फोडता,
कानयंत्राच्या जाहिरातींसोबत.
गेलेल्या माणसाचं टपाल आपण कशाला वाचायचं?
या खेपेला पाकिटाला लाल कड होती
आणि मला दिवसभर काही काम नव्हतं.

लिहिलं होतं:
स्टिअरिंगमध्ये एक, शेजारच्या सीटपुढे एक,
अशा धातूच्या डब्या असतात.
धडक बसली की त्यांनी उशी फुगवायची.
पण वर्षानुवर्षं दमट हवा खाल्ली की आतली दारू बिघडते.
मग उशीआधी डबीच फुटते
आणि तिचे तुकडे बसलेल्याच्या गळ्यापर्यंत येतात.

दमट हवा म्हणजे काय
हे लुइझियानाच्या या टोकाला कुणाला सांगावं लागत नाही.
आमच्या मीठदाणीत तांदळाचे दाणे असतात,
तरी मीठ पडत नाही.
चर्चमधल्या पुस्तकांना ऑगस्टमध्ये लव फुटते.

अकरा वर्षं मी त्या सीटवर बसले
डॅशबोर्डवर पाय टाकून.
आल्सीड म्हणायचा, पाय खाली घे, काच घाण होते.
त्याला तेवढंच माहीत होतं.

गाडी मी वेन्डेलला विकली, एकोणीसशे डॉलरला.
वेन्डेलनं ती कालवांच्या धक्क्यावर कुणाला तरी दिली,
त्यानं आपल्या मुलीला.
कंपनीकडे पत्ता मात्र आमचाच.
पत्राला जे शेवटचं दार ठाऊक असतं
तेच ते ठोठावत राहतं.

शोधायला चार दिवस गेले.
सापडली किराणा दुकानामागे,
छतावरचा हिरवा रंग पार उडालेला,
मागे मीच पाडलेला पोचा.
काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला,
सतरा अक्षर-आकड्यांची पट्टी.
चष्मा काचेला टेकवून मी एकेक जुळवत होते,
तेवढ्यात मागून आवाज आला:
काय पाहिजे?

दियेप तिचं नाव. हातात बर्फाची पिशवी.
मागच्या सीटवर पोराची उंच खुर्ची.
मी पत्र पुढे केलं.
तिला वाटलं मी गाडी परत मागतेय.
मग वाटलं, काहीतरी विकतेय.
किती पडतील?
काही नाही.
मी तिसरी मालकीण आहे.
असू दे. कितव्याही हातची गाडी असो, दुरुस्ती त्यांच्याच खर्चानं.
फुकट काही नसतं, ती म्हणाली.
तिच्या वडिलांनी वादळानंतर भरपाईचे तीन अर्ज भरले होते,
हे मला नंतर कळलं.

मी तिच्यासमोरच फोन लावला.
तिनं पट्टी वाचली, मी ऐकवली.
शून्य की ओ, ती अडखळली.
पलीकडची बाई म्हणाली, ओ त्यात नसतोच कधी.
मग म्हणाली, भाग यायला अकरा दिवस.
तोवर चालवू नका. उचलून न्यायला आम्ही ट्रक पाठवू.
दियेप म्हणाली, माझी पाळी पहाटे चारला,
कोळंबीच्या कारखान्यात.

म्हणून अकरा पहाटा मी माझी गाडी काढली.
फारसं बोललो नाही.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळं पाणी, मध्ये आमचे दोन दिवे.
पाचव्या दिवशी, परतीच्या वाटेवर,
तिनं बूट काढून पाय डॅशबोर्डवर टाकले.
पाय खाली घे, मी म्हणाले,
काच घाण होते.
पुढच्या सिग्नलला खरं कारण सांगितलं.

बाराव्या दिवशी तासाभरात काम झालं.
पावतीवर रकमेच्या जागी शून्य.
दियेपनं त्यावर बोट घासून पाहिलं.

घरी येऊन आल्सीडचा खण ओढला.
तो अडकतो, दोन झटके द्यावे लागतात.
पाकिटं एकमेकांना चिकटलेली.
वरचं सोडवलं, फोडलं.
दातांच्या डॉक्टरचं होतं:
बरेच दिवसांत आला नाहीत,
सगळं ठीक आहे ना?