मिरचीच्या पथारीवर वीस प्रश्न

हेतल धुळ्याहून आली ती छापील कागद घेऊनच.
मानसशास्त्राचं वर्ष, प्रात्यक्षिकाला एक माणूस हवा.
"बाबा, तुम्हीच बसा. वीस प्रश्न. हो किंवा नाही."
म्हटलं, मला काय विचारतेस,
अख्ख्या नंदुरबारला माहीत आहे हिलाल काय चीज आहे.

पहिला: चारचौघांत बोलायला आवडतं का?
पोरी, सव्वीस वर्षं मार्केटात बोली पुकारतो मी.
ओल्या मिरचीच्या ढिगापाशी पाय रोवून
बेचाळीसशे, बेचाळीसशे, बेचाळीसशे पन्नास,
शेठ, डोकं खाजवलं की बोली धरली म्हणून समजा!
हसतात सगळे. हमालही गोणी टेकवून हसतो.
लिही, हो.

चौथा की पाचवा: लग्नकार्यात माणसांच्या घोळक्यात रमता का?
इथे मी अडलो.
मी असतो मांडवाच्या मागे, चुलाणापाशी,
वांग्याची भाजी घोटत.
घोटणाऱ्याशी कुणी बोलत नाही.
धूर असतो, हात गुंतलेले असतात,
"काय हिलालभाऊ, पोरीचं जमलं का कुठे" म्हणत आलेला
डोळे चोळत परत जातो.
तीनशे पानांची पंगत उठेस्तोवर मी सुखात.
हेतलने पेन्सिल टेकवली, उचलली.
"बाबा, हे कुठल्या रकान्यात घालू?"

अनोळखी माणसापुढे संकोच वाटतो?
त्याच्यापुढे कसला!
गुजरातचा व्यापारी, आंध्रचा व्यापारी,
त्याला माझ्या घरचं काही ठाऊक नाही,
मला त्याच्या खिशाखेरीज काही ठाऊक नाही.
संकोच वाटतो तो सख्ख्यांपुढे.
तुझा मोठा काका सिव्हिलमध्ये होता तेव्हा
चार तास बसलो उशाशी.
सलाईन संपत आलंय, एवढंच बोललो.
तेही नर्सशी.

पलीकडे कोकिळा नाकाला पदर बांधून
डेखं खुडत होती, मान वर न करता म्हणाली,
"याले काय इचारस? मले इचार.
दिनभर गावले आयकाडस, घर उना का दगड."
नाव कोकिळा. दिवसाकाठी बोलेल ते हे असं, मोजून.
पण रात्री दिवा गेला की अंधारात तिचा पाट सुटतो,
माहेरची विहीर, मेलेली शेळी, शेजारणीचा गुडघा,
आणि मी हं हं करत भिजत पडतो.
हेतलला हे सांगितलं नाही.
तो तिचा कागद आहे, माझा नव्हे.

बेरीज झाली. अकरा बाहेर, आठ आत.
"तुम्ही उभयमुखी निघालात, बाबा."
म्हटलं, दोन तोंडांचं आमच्याकडे मांडूळ असतं.
लोक चोरून विकतात,
भाव मात्र बरा येतो त्याला.
ती हसली नाही. "एक राहिलाय अजून.
एकटे असताना कंटाळा येतो का?"

शेवटचा टेम्पो गेलेला. बाया हातपाय धुऊन निघालेल्या.
नजर जाईल तिथवर फापडा, जरेला,
लाल अंथरलेलं, अन् त्यावर उतरतं ऊन, तेही लालच.
रोज या वेळी मी इथे मागे राहतो.
कुणाला वाटतं राखण करतोय.
मी बोली लावत असतो, ओठांतल्या ओठांत.
बोला, ही संध्याकाळ, एकच नग,
शून्यापासून सुरू, बोला शेठ, बोला,
शून्य एक, शून्य दोन…
समोर कुणी नसतं.
मग माझ्याच नावावर सोडतो.

हे मी मोठ्याने बोललो की काय, कळेना.
पेन्सिल कागदावर नव्हती,
हेतल पथारीकडे बघत होती,
आणि तिचं ते बघणं इतकं माझ्यासारखं
की मला काहीतरी विचारावंसं वाटलं तिला,
धुळ्याच्या खोलीवर कोण कोण आहे, जेवतेस ना, असलं काही.

तेवढ्यात वारा फिरला,
अन् दोघांना एकदमच ठसका लागला.