धडक बसली

दांडेकर पुलाच्या चौकात
रात्री नऊ सत्तावीसला धडक बसली.
बसली, असंच लिहायचं असतं.
कुणी दिली ते खाली, जबाबात.

अकरा वर्षं मी जबाब लिहितेय.
हवालदार मंगल भेगडे, माहेर तळेगावजवळ,
अक्षर बरं म्हणून टेबलावर बसवलेली.

कर्णिक, वय त्रेसष्ट, राहणार सहकारनगर.
खिशाला दोन पेनं.
कागदावर चौक काढलेला, पट्टीनं, बाणांसकट.
"मी सारसबागेकडून येत होतो. सिग्नल हिरवा होता.
सात सेकंद बाकी होते. सात. लिहा."
लिहिलं.

नर्गिस तांबोळी, वय चौतीस, राहणार भवानी पेठ.
ओढणीवर पांढरं क्रीम.
"मी शास्त्री रस्त्यानं आले. माझा सिग्नल सुटला होता, मॅडम.
मागचा रिक्षावाला हॉर्न मारत होता,
म्हणजे सुटलाच असणार ना?"
तेही लिहिलं.

एका चौकात, एका वेळी, दोन्हीकडे हिरवा.
महापालिका एवढी उदार कधी झाली, साहेब म्हणाले,
आणि जेवायला गेले.

कॅमेरा आहे तिथं.
कॅमेऱ्यासमोर कुणा अण्णांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे.
म्हणून नऊ ते दहाचा आमच्याकडचा पुरावा:
बांबू, सुतळी,
आणि कापडातून उलटी दिसणारी अक्षरं.

भुर्जीच्या गाडीवरचा संपत म्हणाला,
कांदा चिरत होतो. आवाज आला, मग बघितलं.
सगळे साक्षीदार असेच.
आवाज आला, मग बघितलं.
आवाजाच्या आधीचं कुणी पाहिलेलंच नसतं.
कधी वाटतं, त्या दोघांनीही नाही.

आपली भाषा पण बघा.
चूक होते. काच फुटते. ब्रेक लागत नाही.
गाडी आडवी येते, जशी मांजर.
लायसन घरी राहतं.
फार तर माणूस म्हणतो, माझं चुकलं,
आणि हे "माझं" म्हणजे नेमकं काय, नपुंसकलिंगी,
ते आजवर कुठल्या पंचनाम्यात सापडलं नाही.
कर्णिक तर तेवढंही म्हणेनात.
छत्तीस वर्षं गाडी चालवतोय, म्हणाले, एक ओरखडा नाही.
बरोबर. चालवताना कर्ता असतो.
धडकेच्या वेळी तो कुठल्या स्टॉपला उतरतो, देव जाणे.

साडेअकरा वाजले. क्रेनचा पत्ता नाही.
ती उठली, चेपलेल्या दारातून कशीबशी हात घालून
मागच्या सीटवरचा खोका काढून आणला.
बारशाचा केक. वडगावला आठला पोचायचा होता, पोचला नव्हता.
(हे तिनं जबाबात सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.)
साखरेचा पाळणा मोडलेला,
बाळाचं नाव पहिल्या दोन अक्षरांनंतर घसरलेलं.
"आता कोण घेणार? खा तुम्ही."

मी खाल्ला. ठाणे अंमलदारांनी खाल्ला.
संपतनं कांद्याच्या हातानं खाल्ला.
कर्णिक आधी नको म्हणाले, शुगर आहे,
मग त्यांनी पुढे केला तोच कागद,
आणि बरोब्बर चौकाच्या मधोमध
एक तुकडा ठेवून घेतला.

"छान झालाय," म्हणाले.

"झाला नाही, काका," ती बोटं पुसत म्हणाली,
"मी केलाय."

पंखा तेवढा आवाज करत होता.
कर्णिकांनी ओठाच्या कोपऱ्यातलं क्रीम टिपलं,
चष्मा काढला, पुसला, घातला.
मग खुर्ची पुढे ओढून
माझ्या वहीतल्या सातावर बोट ठेवलं.

"इथं पाच करा," म्हणाले.
"पाच असतील."

खाडाखोड चालत नाही आमच्यात.
सातावर आडवी रेघ मारली, वर पाच लिहिला,
बाजूला त्यांची छोटी सही घेतली.

तिचा जबाब आहे तसा आहे.