परीटघडी

जिबूतीत पाच परकी सैन्यं राहतात
आणि त्यांतल्या तिघांचे सदरे
बालबालाच्या चढावर, दहाबोच्या अंगणात वाळतात.

मी तिच्याकडे गेलो तो सदऱ्यापायीच.
हॉटेलच्या धोब्यानं बाहीवर इस्त्रीचा त्रिकोण उमटवला होता
आणि संध्याकाळी मला मंत्र्यांसमोर
सन दोन हजार पन्नास सांगायचं होतं.

सत्तावीस स्लाइड.
कोण चढेल, कोण उतरेल,
कुठल्या सामुद्रधुनीत कुणाची पाणबुडी,
प्रत्येकापुढे टक्के, दशांशासकट
(दशांश मी घालतो. ऐकणाऱ्यांना धीर येतो.)

दहाबोनं दुसरा सदरा उजेडाकडे धरला.
काय करतोस?
पुढचं सांगतो, म्हटलं. जगाची नवी घडी कशी बसेल ते.
गुलेदनं, तिच्या भाच्यानं, फ्रेंचचं सोमालीत केलं
आणि तिथंच काहीतरी निसटलं असणार,
कारण तिनं मला टेबलाशी नेलं
आणि घडी घालून दाखवली.
बाह्या मागे. कॉलर वर. तीन बोटं सोडून मुडपायचं.
घाई केलीस तर, म्हणाली,
कापड लक्षात ठेवतं.

पहिल्या पलटणीचे कपडे तिची आई धुवायची,
ही पाठीशी बांधलेली.
तेव्हापासूनचा हिशेब तोंडी आहे:
नुसते सदरे येतात ते जाणारे.
चादरी आल्या, दहा वर्षं.
पडदे आले की समजायचं,
बायका आल्यात, कुणीतरी खिडकीचं माप घेतलंय.
आणि ज्या महिन्यात सगळी उधारी
न मागता चुकती होते
त्या महिन्यात ती साबण कमी भरते.

कॉलरच्या आतल्या पट्टीवर तीन लिप्या.
एकही तिला वाचता येत नाही.
शाईवरून ओळखते:
कुणाची दोन धुण्यांत जाते,
कुणाची सदऱ्याहून जास्त टिकते.

कोपऱ्यात एक बोचकं होतं.
चाळीस सदरे. न्यायला कुणी आलंच नाही.
कुठल्या देशाचे, ते सांगेना.
रात्रीत जहाज भरलं, एवढंच,
आणि सकाळी कोंबडीचा भाव निम्म्यावर.
त्यांतलाच एक गुलेदच्या अंगावर होता.
दंडावर जिथला बिल्ला उसवला,
तिथं कापड अजून गडद.

मी विचारलं, मग आता? या तिघांत कोण राहील?
खमसीन सुटला होता. तारेवरच्या बाह्या
सगळ्यांच्या एकाच बाजूला उडत होत्या.
ती तिकडे बघतच नव्हती.
ती रस्त्याकडे बघत होती, टँकरला उशीर झाला होता.
पाणी सीमेपलीकडून येतं,
परवा पिंपामागे वीस फ्रँक वाढले,
का वाढले ते आहे का तुझ्या त्या सत्तावीसांत?

नव्हतं.
अठराव्या स्लाइडवर एक निळी रेघ होती, पण ती केबलची.

संध्याकाळी सांगितलं ते सांगितलं.
मंत्र्यांनी माना डोलावल्या,
एकानं दशांशाबद्दल कौतुकानं विचारलं.
सदरा खळीनं कडक, छातीवर घडीच्या चौकोनी रेघा,
नुकत्याच उलगडलेल्या नकाशासारख्या.
एसी चालू होता,
तरी तिसाव्या मिनिटाला त्या विरायला लागल्या,
आधी काखेकडच्या.

विमान पहाटेचं.
दुसरा सदरा घ्यायला अंधारातच गेलो
आणि मागची पुढची सगळी बाकी
तिनं न मागता हातावर ठेवली.
दहाबोनं नोटा मोजल्या.
माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
मग गुलेदला काहीतरी म्हणाली.

त्यानं ते फ्रेंचमध्ये आणलं नाही.
साबणाचं अर्धं पोतं
ओढत आत नेलं फक्त.